घाटरस्त्यासाठी इंजिनाची ताकद वाढवताना कशावर पैसे घालावेत

साताऱ्यात राहून लहान, चपळ गाडी हौसेने चालवणाऱ्या माणसाला इंजिनाची ताकद थोडी वाढवावी असे कधी ना कधी वाटतेच, कारण गावाची वेस ओलांडली की बहुतेक दिशांना घाटच लागतो. यवतेश्वरमार्गे कासला जा, वाईवरून पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर गाठा, मेढ्यावरून केळघरचा रस्ता धरा, किंवा पाटण-कोयनानगर मार्गे कुंभार्लीने कोकणात उतरा. माझ्याकडे फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय आहे, म्हणजे एक लिटरचे, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेले पेट्रोल इंजिन. भारतात या गाडीचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले, त्यामुळे आता ती फक्त जुन्या बाजारात मिळते, आणि माझ्या कऱ्हाडच्या भाच्याने नुकतीच तशीच एक घेतली. "मामा, आधी काय करून घेऊ, एग्झॉस्ट की रिमॅप?" हा त्याचा पहिला प्रश्न होता, म्हणजे धूर बाहेर नेणारी नळी बदलायची, की इंजिन चालवणाऱ्या संगणकातले आकडे बदलायचे. त्याला तोंडी जे सांगितले तेच येथे सविस्तर लिहीत आहे, कारण हा प्रश्न मला इतरही बरेच जण विचारतात.

या इंजिनाची कंपनीने जाहीर केलेली ताकद ११० पीएस (अश्वशक्तीसारखे ताकदीचे माप) आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ओढ, १७५ न्यूटन मीटर आहे, आणि तो टॉर्क १७५० ते ४००० आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला फेरे) जवळजवळ सपाट मिळतो. पीएस आणि टॉर्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत असे समजून लोक वाद घालतात, पण त्यांचा संबंध साध्या गणिताचा आहे: न्यूटन मीटरला आरपीएमने गुणून ७०२४ ने भागले की पीएस मिळतात. पसरणीच्या घाटातल्या एखाद्या वळणातून दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडताना इंजिन साधारण २५०० आरपीएमवर असते, असे धरू. तेथे १७५ न्यूटन मीटर म्हणजे सुमारे ६२ पीएस हाताशी असतात. त्याच आरपीएमवर टॉर्क २१५ केला तर सुमारे ७७ पीएस होतात. म्हणजे ज्या क्षणी आपण ॲक्सिलरेटर दाबतो त्या क्षणी जवळजवळ पाव पट जास्त ओढ मिळते. याउलट एखाद्या बदलाने ५५०० आरपीएमवर १० पीएस वाढले, तर जाहिरातीतला आकडा मोठा दिसतो, पण आपल्या घाटात त्या आरपीएमपर्यंत इंजिन पोहोचते किती वेळा? म्हणून माझे ठाम मत असे आहे की, बदल निवडताना कमाल पीएसचा आकडा बाजूला ठेवून २००० ते ४००० आरपीएमच्या मधल्या पट्ट्यात काय वाढते तेवढेच पाहावे.

टर्बो नसलेल्या १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅकवाल्यांसाठी येथेच एक स्पष्ट सूचना करतो. टर्बो नसेल तर सिलिंडरमध्ये जाणारी हवा वातावरणाच्या दाबानेच जाते, आणि केवळ रिमॅप करून त्यात काही पीएसपलीकडे वाढ होत नाही. त्यांनी ते पैसे टायरवर घालावेत.

आता ज्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात त्या उंचीच्या आणि उष्णतेच्या मुद्द्याकडे वळतो. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे, पाचगणी जवळजवळ १३०० मीटरवर आणि महाबळेश्वर त्याहूनही थोडे वर. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो, तर पाचगणीला तो सुमारे ८७ पर्यंत उतरतो. टर्बो नसलेले इंजिन तेथे सरळ १० ते १५ टक्के ताकद गमावते. टर्बोचे इंजिन ती उणीव भरून काढते, कारण ठरलेला दाब गाठण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, टर्बोला अधिक वेगाने फिरवतो. मात्र त्याची किंमत उष्णतेच्या रूपाने द्यावी लागते. समजा इंजिनाला एकूण १८० किलोपास्कल दाबाची हवा हवी आहे. समुद्रसपाटीला टर्बोला हवा १.८ पट दाबावी लागते, पाचगणीला जवळजवळ २.१ पट. बाहेर ३० अंश तापमान आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरून हिशेब केला, तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा खाली सुमारे १०८ अंशांची आणि वर १३० अंशांची निघते. त्यात रिमॅप करून दाब २०० किलोपास्कलवर नेला, तर तीच हवा १४५ अंशांच्या घरात जाते. कोकणातल्या सपाट रस्त्यावर जो मॅप (ईसीयूतल्या आकड्यांचा संच) निर्धोक चालतो, तोच मॅप पाचगणीच्या चढावर टर्बोला त्याच्या मर्यादेजवळ नेऊन ठेवतो, तो यामुळे.

ही तापलेली हवा थंड करण्याचे काम इंटरकूलरचे असते. अनेक गाड्यांत तो समोर, बंपरमागे बसवलेला असतो आणि त्याच्या जागी मोठा बसवणे तुलनेने सोपे असते. या टीएसआय इंजिनात मात्र तो पाण्याने थंड होणारा आहे आणि सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्येच सामावलेला आहे. त्यामुळे परदेशी व्हिडिओ पाहून समोर मोठा इंटरकूलर लावण्याची स्वप्ने या गाडीच्या मालकाने पाहू नयेत. त्याने कूलंट वेळेवर बदलावे, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा काढावा आणि त्या पाण्याचा छोटा पंप नीट चालतो की नाही हे तपासून घ्यावे. ऊसतोडणीच्या हंगामात आपल्याकडच्या रस्त्यांवर पाचटाचे तुकडे आणि धूळ इतकी उडते की, जाळी दोन-तीन महिन्यांत निम्मी बुजलेली मी पाहिली आहे.

उसाचा विषय निघालाच आहे तर इंधनाबद्दलही येथेच लिहितो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातले काही आपल्याच सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून जाते. इथेनॉलचे ऑक्टेन शंभराच्या वर असल्यामुळे ते नॉकिंगला, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून इंजिनात ठोके बसण्याला, विरोध करते, ही रिमॅपच्या दृष्टीने चांगली गोष्ट. परंतु त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश कमी आहे आणि ते जळायला हवा कमी लागते. वजनाने पाहिले तर शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५. याचा अर्थ तेवढ्याच हवेसाठी इंजेक्टरना आणि हाय प्रेशर पंपाला अधिक इंधन सोडावे लागते, आणि रिमॅपने हवा वाढवल्यावर तर आणखी. युरोपातल्या ९५ किंवा ९८ ऑक्टेनच्या, कमी इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेली तयार फाइल जशीच्या तशी आपल्या गाडीत भरणे म्हणूनच मला पटत नाही. ट्यूनरला, म्हणजे रिमॅप करून देणाऱ्याला, विचारण्याचा पहिला प्रश्न हाच असावा की, हा मॅप कोणत्या इंधनावर तपासला आहे. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल महामार्गावरच्या काही पंपांवर मिळते, पण कोयनानगरला किंवा तापोळ्याला निघाल्यावर टाकी रिकामी होत आली तर जे मिळेल तेच भरावे लागते. अशा वेळी गाडी बिनघोर चालली पाहिजे, म्हणून आपला मॅप साध्या पेट्रोलवर सुरक्षित असा मागावा आणि चांगले पेट्रोल ही वरची शिल्लक मानावी. शिवाय एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील २० टक्के इथेनॉलसाठी बनवलेले असतीलच असे नाही, तेव्हा इंधनाच्या नळ्या दर सर्व्हिसिंगला डोळ्यांनी पाहून घ्याव्यात.

रिमॅप म्हणजे नेमके काय, हेही थोडक्यात सांगायला हवे, कारण त्याविषयी गैरसमज फार आहेत. ईसीयूमध्ये टर्बोचा दाब, ठिणगीची वेळ, इंधनाचे प्रमाण आणि टॉर्कची मर्यादा यांचे तक्ते साठवलेले असतात. कंपनी हे तक्ते वाईट इंधन, कडक उन्हाळा आणि हयगयीने केलेली देखभाल यांना पुरेल इतकी सूट ठेवून बनवते, आणि रिमॅप ही सूट थोडी वापरून घेतो. फुकट काही मिळत नाही. जेवढी सूट वापरली, तेवढी काळजी मालकाने वाढवायची असते. बाजारात ट्यूनिंग बॉक्स नावाची एक स्वस्त वस्तूही मिळते. ती दाबाच्या सेन्सरचा संकेत मध्येच बदलून ईसीयूला खरा दाब कमी भासवते. ती काढून ठेवता येते हा तिचा गुण, पण ठिणगीची वेळ आणि टॉर्कचे तक्ते तिला हाताळता येत नाहीत, आणि ज्या सेन्सरवर इंजिनाचा बचाव अवलंबून आहे त्यालाच चुकीचे बोलायला लावणे मला मान्य नाही. भाच्याला मी तिचा विचारच करू दिला नाही.

मॅपमध्ये टॉर्क किती वाढवला याहून तो कोठून वाढवला हे महत्त्वाचे आहे. लहान, थेट इंजेक्शनच्या (पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो इंजिनांना १५०० ते २००० आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला, तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण आपोआप पेटण्याचा धोका असतो. सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइलचे थेंब आणि कार्बनचे कण त्याला कारण होतात, आणि असा एकच जोरदार स्फोट पिस्टनची कड तोडायला पुरतो. उसाच्या ट्रॉलीमागे चौथ्या गिअरमध्ये रेंगाळत असताना, समोरचा रस्ता मोकळा दिसताच गिअर न उतरवता ॲक्सिलरेटर दाबून धरण्याची आपल्याकडच्या अनेकांची सवय आहे, आणि हा धोका नेमका त्याच सवयीत दडलेला आहे. म्हणून १६०० आरपीएमवरच खाडकन ओढ देणारा मॅप चाचणीच्या फेरीत कितीही आवडला तरी नाकारावा. टॉर्क २२०० आरपीएमपर्यंत हळूहळू चढत जाऊ द्यावा असे ट्यूनरला स्पष्ट सांगावे, आणि इंजिन ऑइल कंपनीच्या शिफारशीत बसणारे व एपीआय एसपी (डब्यावर छापलेला ऑइलचा दर्जा) दर्जाचे घ्यावे, कारण या दर्जाच्या चाचण्यांत या दोषाची स्वतंत्र परीक्षा असते. ऑइल बदलण्याचे अंतरही कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी करावे.

हे सर्व करण्याआधी गाडी निरोगी आहे का, हे पाहणे आवश्यक आहे, विशेषतः ती जुन्या बाजारातून घेतली असेल तर. भाच्याची गाडी आल्यावर आम्ही सर्वांत आधी तिन्ही स्पार्क प्लग काढून पांढऱ्या कापडावर ओळीने ठेवले. दोन प्लगच्या टोकाशी फिकट विटकरी रंगाचा पातळ थर होता आणि इलेक्ट्रोडच्या कडा अजून धारदार होत्या. हे समाधानकारक असते. तिसऱ्याच्या कडा गोल झालेल्या होत्या आणि त्याच्या चिनी मातीवर, भिंगातून पाहिल्यावरच दिसतील असे काळपट ठिपके होते. हे ठिपके काळे असतील तर बहुधा ऑइल किंवा इंधनाचा अंश असतो. ते चमकदार, चंदेरी असते तर पिस्टनचे ॲल्युमिनियम वितळून तेथे चिकटले असे समजावे लागले असते आणि रिमॅपचा विषय तेथेच संपला असता. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते, ते तपासले. एकाच सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी असेल तर ताकद वाढवण्याचा विचार सोडून आधी इंजिन दुरुस्त करावे. हवेच्या नळ्यांची गळती, ठिणगीच्या कॉइल, टायमिंग बेल्टचे वय हेही पाहिले. थेट इंजेक्शनमुळे इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नाही, म्हणून तेथे कार्बन साचतो. जास्त चाललेल्या गाडीत तो अक्रोडाच्या टरफलाच्या भुग्याच्या माऱ्याने साफ करून घेता येतो, आणि गमावलेली काही ताकद तेवढ्यानेच परत मिळते. रिमॅपसोबत नवे प्लग घालावेत, ट्यूनरने सांगितल्यास एक पायरी थंड जातीचे (उष्णता लवकर बाहेर सोडणारे).

एअर फिल्टरबद्दल मी थोडा कठोर आहे. उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावला की टर्बोचा फुसफुस आवाज छान येतो, पण तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो. ३० अंशांची हवा सोडून ६० अंशांची हवा घेतली तर तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते, म्हणजे जे मिळवण्यासाठी पैसे दिले तेच उलट कमी होते. कंपनीची पेटी समोरून थंड हवा घेते. तिच्यात चांगला कागदी फिल्टर वेळेवर बदलत राहावे, आणि माण-खटावच्या बाजूला फेऱ्या असतील तर आणखी लवकर.

एग्झॉस्टच्या बाबतीत ताकदीचा भाग मागच्या सायलेन्सरमध्ये नसून टर्बोला लागून असलेल्या डाउनपाइपमध्ये आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये असतो. मागचा सायलेन्सर बदलला की आवाज बदलतो, ओढ नाही. आणि कन्व्हर्टर काढून टाकणे हा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही. हवेत काय जाते हा मुद्दा माझ्या दृष्टीने पहिला, आणि कायद्याचा दुसरा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतात. रिमॅप डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो या चौकटीबाहेर आहे असे समजू नये. आपल्या आरटीओत आधी विचारून घ्यावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. न कळवलेल्या बदलामुळे अपघाताचा दावा अडू शकतो, आणि कंपनीची वॉरंटी शिल्लक असेल तर तीही जाण्याची शक्यता असते.

मॅप किती मोठा घ्यावा, याची वरची मर्यादा इंजिनापेक्षा क्लच आणि गिअरबॉक्स ठरवतात. पोलोच्या आधीच्या १.२ जीटी टीएसआयमध्ये असलेल्या सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची क्षमता २५० न्यूटन मीटर आहे, आणि त्या आकड्याला टेकणारा मॅप घाटातल्या रांगेत, रेंगाळत्या चढावर, तापलेल्या क्लचसह चालवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. मॅन्युअल गाडीत तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम वाढतो पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही, असे झाले की क्लच सरकू लागला हे ओळखावे. मी माझ्या गाडीत २१० ते २१५ न्यूटन मीटरच्या पुढे जाण्यास नकार दिला, आणि भाच्यालाही तेच सांगितले.

ब्रेक आणि टायर हे इंजिनाचे भाग नसले तरी इंजिनाच्या खर्चातूनच त्यांचा वाटा आधी काढून ठेवावा. डॉट ४ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश असतो आणि पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. पसरणीचा उतार ब्रेकवरच उतरणाऱ्याला हा फरक पायाखाली जाणवतो. दर दोन वर्षांनी ते बदलावे.

राहिला डायनोचा, म्हणजे गाडी उभी ठेवून चाकांवरची ताकद मोजणाऱ्या मशीनचा, प्रश्न. चाकांवर मोजलेली ताकद इंजिनाच्या ताकदीपेक्षा साधारण १५ टक्के कमी असते, म्हणून कंपनीच्या ११० पीएसशी तिची थेट तुलना करू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उंचीवरच्या शहरात डायनो चालवताना हवेच्या कमी दाबासाठी आकड्यात सुधारणा केली जाते. ही सुधारणा टर्बो नसलेल्या इंजिनांसाठी योग्य आहे, परंतु टर्बो ती उणीव स्वतःच भरून काढत असल्यामुळे त्याचा आकडा फुगतो. म्हणून एकाच मशीनवर, एकाच दिवशी, मॅपच्या आधी आणि नंतर मोजलेला फरक तेवढा खरा मानावा आणि सुधारणा न केलेला आलेखही मागून घ्यावा.

मॅप भरल्यावर काम संपत नाही. ओबीडीला (ईसीयूचे आकडे वाचण्याच्या खाचेला) लावायचा, फोक्सवॅगनचे तपशीलवार आकडे वाचू शकणारा रीडर घेऊन वाई ते पाचगणी असा एक चढ दुपारच्या उन्हात तिसऱ्या गिअरमध्ये नोंदवावा, आणि त्यात मागितलेला दाब व मिळालेला दाब, आत जाणाऱ्या हवेचे तापमान, ईसीयू इंधनात करत असलेली कमी-जास्त दुरुस्ती आणि नॉकिंग टाळण्यासाठी प्रत्येक सिलिंडरवर ईसीयूने ठिणगी किती अंश मागे घेतली, म्हणजे उशिरा पाडली, हे आकडे पाहावेत. एखाद-दुसरा अंश मागे घेणे नेहमीचे आहे. एकाच सिलिंडरवर ईसीयू वारंवार तीन-चार अंश मागे घेत असेल, किंवा मागितलेला दाब वरच्या टप्प्यात गाठलाच जात नसेल, तर ती नोंद ट्यूनरला पाठवून मॅप हलका करून घ्यावा. चांगला ट्यूनर हे काम वेगळे पैसे न घेता करतो, आणि करणार की नाही हे पैसे देण्याआधीच विचारून ठेवावे. भाच्याच्या गाडीची पहिली नोंद दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर घ्यायची असे आम्ही ठरवले आहे. तोपर्यंत नवे प्लग, नवे ऑइल आणि नवे टायर यांवरच ती चालेल.